सेतू केंद्राचा रिव्ह्यू: काम फटाफट, फक्त आम्हाला हिंदू करून टाकलं होतं

पाचपैकी तीन स्टार. दोन का कापले ते सांगतो, जरा लांबण लागेल पण ज्याचं वारसाचं काम अटकलं असेल त्यानं वाचाच, खास करून आपल्या ख्रिस्ती मंडळीतल्या लोकांनी.

दुकान म्हणजे तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं ऑनलाईन सेवा केंद्र, सगळे सेतूच म्हणतात. नाव लिहत नाही कारण पोरगं मेहनती आहे अन् चूक त्याच्या एकट्याची नाही. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर ज्याला दर तिसऱ्या कागदाला थापड मारावी लागते, बाहेर बाकडं, अन् पाण्याचा माठ भरलेला असतो, ही शेवटची गोष्ट उन्हाळ्यात फार मोठी आहे.

बाबा दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. सहा एकर कोरडवाहू, कपाशी, तूर, सोयाबीन, सातबारा त्यांच्याच नावावर. मी मोठा, मग दोघी बहिणी, मग धाकटा, अन् माय. तसंच चालून राहिलं होतं, पण फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख नंबर) आला अन् गाडं अडलं, मेलेल्या माणसाचा आयडी कसा निघणार, पीएम किसानचे वर्षाचे सहा हजार बंद, पीक विम्याला गेलो तर तेच. मेलेल्यांच्या जागी वारसांची नावं चढवायला सरकारनं जिवंत सातबारा मोहीम काढली होती, ती आधी आमच्याच बुलडाणा जिल्ह्यात झाली मग १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर, तेव्हा तलाठी गावात येऊन बसला होता (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, बोर्ड बदलला, माणूस तोच) पण आमच्या मृत्यू दाखल्यात बाबांचं नाव चुकलेलं म्हणून आमचं राहून गेलं. मोहीम चांगली होती, सरकारच्या प्रत्येकच गोष्टीला नावं ठेवायची मला सवय नाही.

तर दाखला दुरुस्त करून आम्ही चौघं भावंडं सेतूत गेलो. इथपर्यंत सगळं एक नंबर. पोरानं आधी रेट सांगितला, मग कागद मागितले, मृत्यू दाखला, सगळ्यांचे आधार, रेशन कार्ड, सातबारा, आठ-अ. ई-हक्क या सरकारी वेबसाईटवर वारसाचा अर्ज वीस मिनिटात भरला, सर्व्हर मधात एकदाच गेलं. डिजिटल सातबाऱ्याची सरकारी फी पंधरा रुपये, हा तीस घेतो, चालते, त्यालेही पोट आहे.

मग आलं प्रतिज्ञापत्र. यांच्याकडे रेडी फॉरमॅट असतो, नाव बदललं की प्रिंट. मी चष्मा घरी विसरलेलो, अंगठा तेवढा दाखवायचा असल्यासारखं सही करायला पेन उघडलं, तेवढ्यात धाकट्या बहिणीनं कागद ओढला. ती नर्स आहे, औषधाच्या पुडीवरचं बारीक अक्षरही वाचते. म्हणे, "दादा, आपण हिंदू कधी झालो?" कागदावर लिहिलेलं, आम्ही हिंदू धर्मीय असून हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ प्रमाणे सरळ वारस आहोत. पोरगं म्हणते, "काका, तुमचं आडनाव तर आपल्यातलंच आहे नं." आता आमचं आडनाव वऱ्हाडात गावोगाव आहे हे खरं, पण पणजोबांनी मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला तेव्हा आडनाव काही पाण्यात सोडून दिलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल एका शब्दानं काय फरक पडते. मलेही तसंच वाटलं होतं. बहिणीनं ओळखीच्या वकिलाले फोन लावला अन् स्पीकरवर टाकला. ख्रिश्चनांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ लागतो. मृत्युपत्र नसेल तर त्यात विधवेला एक तृतीयांश, उरलेलं सगळ्या लेकरांना सारखं, पोरगा पोरगी भेद नाही. म्हणजे सहा एकरात मायचे दोन एकर अन् आम्हा चौघांना एकेक. हिंदू कायद्यानं जमीन बाबांची स्वतःची धरली तर मायसकट पाच सारखे हिस्से, म्हणजे मायला एक एकर आठ गुंठे. त्या कॉपी पेस्टमध्ये मायचं बत्तीस गुंठे वावर गेलं असतं. फेरफाराला आधी नुसती नावं चढतात, हिस्से वाटणीच्या वेळी निघतात, पण आपलीच सही केलेला असा कागद नंतर कोणी समोर धरला की भांडत बसा.

अन् आता जे लिहितो ते लिहायला जीवावर येते. त्या फाईलीत दुसराही एक कागद होता, बहिणींचं हक्कसोडपत्र, दुय्यम निबंधकाकडं न्यायला तयार. तो पोरानं आपल्या मनानं काढलेला नव्हता. आदल्या दिवशी फोन करून मीच सांगितलं होतं की दोन्ही संगच करून ठेव. सगळे करतात, लग्नात खर्च केला, दिवाळी नाही तर नाताळला साडीचोळी देतो, मग वावरात कशाला नाव, असा माझा हिशोब. बहिणींना विचारलं नव्हतं. मोठीनं तो कागद वाचला, घडी केली अन् पिशवीत ठेवला, काहीच बोलली नाही. एसटीत पूर्ण रस्ता खिडकीबाहेर पाहत बसली.

घरी मायनं ऐकलं. तिसरी शिकलेली पण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, पाठ. म्हणे, "त्या ईयोबानं पोरीयले भावायच्या बरोबरीनं वतन देल्लं, अन् तुले साडीचोळीत भागवाचं हाय काय?" ईयोब बेचाळीसावा अध्याय, मी उघडून पाहिलं, खरंच आहे. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडे गेलो तर त्यांनी बायबलातलंच गणना सत्तावीस काढून बापाचं वतन मिळालेल्या सलाफहादाच्या मुली दाखवल्या, अन् लगेच जोडलं की त्यांना भाऊ नव्हते म्हणून मिळालं. म्हटलं साहेब, ते ठीक, पण १९२५ चा कायदा भाऊ असतानाही देते, हे आपण मंडळीत कधी सांगितलं काय? ते म्हणाले, हा घरगुती विषय आहे.

इथं माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं झाली मी उपासनेला जातो, उपदेशात दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा मंडळीला) झाला, दारू झाली, टीव्ही सिरीयल झाली, पोरींचे कपडे तर वर्षातून दोनदा होतात, ते नाही घरगुती? मंडळीची पंच कमिटी कंपाउंडच्या जागेसाठी कोर्टात तारखा करते, पण मंडळीतल्या एका बाईला तिचा हिस्सा किती हे कोणी सांगत नाही. केरळात मेरी रॉय यांना याच हक्कासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, तिथं जुन्या त्रावणकोर कायद्यात पोरीला पोराच्या चौथाई नाही तर पाच हजार, जे कमी असेल ते. १९८६ ला त्या जिंकल्या. आपल्याकडं न लढता मिळालेलं आहे तर आपण सेतूत पाचशेच्या स्टॅम्पवर सोडून देतो.

समान नागरी कायद्यावर आमच्याकडं फार चर्चा, उत्तराखंडात जानेवारी २०२५ मध्ये लागू झाला तेव्हापासून तर प्रार्थना सभेत विनंती असते की आपला वेगळा कायदा टिकावा. मीही हात वर करून आमेन म्हटलेलं आहे. मलेही सरकारनं सगळ्यांवर एकच साचा ठोकलेला आवडणार नाही, पण आपला कायदा म्हणजे काय हे अर्ध्या मंडळीला माहीतच नाही, अन् सगळाच काही चांगलाही नाही, घटस्फोट सहमतीनं घ्यायचा तर आपल्या कायद्यात दोन वर्षं वेगळं राहणं लिहिलंय, हिंदूंना एक. त्यासाठी कोणी प्रार्थना सांगत नाही.

असो, दुकानावर येतो. दुसऱ्या चकरेत पोरानं न कुरकुरता नवीन मजकूर टाईप केला, वकील फोनवर सांगत होते अन् तो मारत होता, ऱ्हस्व दीर्घाचा मुडदा पडला पण कायदा बरोबर आला. पुन्हा टायपिंगचे पैसे घेतले नाहीत. हक्कसोडचा कागद मी त्याच्यासमोर फाडला. पंधरा दिवसांची नोटीस लागली, हरकत कोणाची नव्हती, मंडळ अधिकाऱ्यानं फेरफार मंजूर केला अन् सातबाऱ्यावर पाच नावं आली. मोठी बहीण अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

एक स्टार त्या फॉरमॅटचा कापला. दुसरा स्टॅम्प पेपरचा, सरकारी ऑफिसात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे तरी यांनी पाचशेचा लावला, विचारलं तर म्हणे साहेब लोकं तसं घेतच नाहीत. जाणाऱ्यांनी आधीच भांडून घ्या. झेरॉक्स बाहेरून आणा, इथं दर डबल. चष्मा न्या.

मागच्या हप्त्यात फार्मर आयडीसाठी पुन्हा गेलो तेव्हा पोरानं कौतुकानं स्क्रीन दाखवली, आमचा मजकूर "ख्रिश्चन वारस नवीन" म्हणून सेव्ह करून ठेवलाय, बाजूच्या गावचे दोघं घेऊनही गेले. म्हटलं चांगलं केलं, किती घेतले? म्हणे, "स्पेशल फॉरमॅट हाय नं काका, शंभर जास्त."