मधला स्पीकर: बेळगावातील एका जुन्या टॉकीजमध्ये पाहिलेले मराठी चित्रपट

बेळगावच्या जुन्या पेठेत, बाजाराच्या अंगाला असलेल्या एका एकपडदा चित्रपटगृहात गेल्या वर्षभरात मी पाच मराठी चित्रपट पाहिले. खाली 80 रुपये, बाल्कनीला 120 रुपये, दिवसाला चार खेळ आणि त्यांतला बहुधा एकच मराठी, असा तिथला साधारण हिशेब आहे. हा अभिप्राय लिहिण्याचे कारण खुर्च्या किंवा वातानुकूलन हे नाही. चित्रपट चालतो तो कथेमुळे, कलाकारांमुळे किंवा जाहिरातीमुळे, असे आपण नेहमी म्हणतो. पण तो प्रेक्षकापर्यंत पोहोचतो की नाही याचा निम्मा निकाल चित्रपटगृहातच लागतो, हे मला या टॉकीजने दाखवून दिले. आधी वाईट रीतीने, आणि मग चांगल्या रीतीने.

पहिला चित्रपट पाहिला तेव्हा मी खाली, मधल्या रांगेत बसलो होतो. शेजारी उचगावहून आलेल्या एक वयस्कर मावशी आणि त्यांची सून होती. चित्रपट कौटुंबिक होता. मोठा भाऊ आणि धाकटी बहीण यांच्यातील वाटणीचा विषय होता आणि सारा भार संवादांवर होता. गाणी सुरू झाली की भिंती हादरत, पण माणसे बोलू लागली की आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबून जाई. मावशी दर दोन मिनिटांनी सुनेला विचारत होत्या, "काय बोलालीय गं ती? कायच कळंना झालंय बघ." सून बिचारी जेवढे कळे तेवढे सांगत होती, आणि सांगेपर्यंत पुढचे वाक्य निसटत होते. मध्यंतरानंतर मावशींनी विचारणेच सोडून दिले. बाहेर पडताना त्या म्हणाल्या, "पिक्चरात काय दम न्हाई." त्यांच्या दृष्टीने तो चित्रपट तिथेच पडला, आणि त्यात लेखकाचा, दिग्दर्शकाचा किंवा नटांचा काहीही दोष नव्हता.

घडले होते ते असे. चित्रपटाचे संवाद बहुतांशी पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. पडद्याला बारीक छिद्रे असतात ती त्यासाठीच, म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज त्याच्या तोंडातूनच येतो आहे असे वाटावे. गाणी आणि पार्श्वसंगीत डाव्या, उजव्या आणि भिंतींवरच्या स्पीकरांमध्येही वाटलेले असते. त्यामुळे मधला स्पीकर बिघडला तरी गाणी खणखणीत वाजतात आणि बिघाड मालकाच्या लक्षातच येत नाही. मी खेळ सुटल्यावर व्यवस्थापकांना भेटून हे सांगितले तेव्हा त्यांनी अगदी प्रामाणिकपणे उत्तर दिले, "सर, आवाज तर चांगला आहे की! गाण्याला पोरं नाचालीत." मी त्यांना पुढच्या खेळाला शेवटच्या रांगेत बसून फक्त दोन माणसांचे बोलणे ऐकण्याची विनंती केली. ते वयाने माझ्याहून मोठे होते आणि मी त्यांच्या धंद्यातला नव्हतो, तरीही त्यांनी ते मनावर घेतले. ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवतो, कारण प्रेक्षकाची तक्रार ऐकून घेणारी माणसे आता कमी भेटतात.

संवाद ऐकू येणे ही आमच्या भागात किरकोळ बाब नाही. मराठी चित्रपटाचा जीव त्यातल्या बोलीत असतो. 2016 साली आलेल्या 'सैराट'चे उदाहरण इथे द्यावेसे वाटते, कारण त्याची कन्नड आवृत्ती 2017 साली 'मनसु मल्लिगे' या नावाने आली आणि रिंकू राजगुरू यांनीच त्यातही नायिकेची भूमिका केली. नायिका तीच, कथाही तीच. तरी मूळ चित्रपटाला लाभला तसा प्रतिसाद कन्नड आवृत्तीला लाभला नाही. याची कारणे अनेक असतील, पण दोन्ही भाषा समजणारा सीमाभागातला प्रेक्षक म्हणून मला एक कारण स्वच्छ दिसते. करमाळ्याच्या परिसरातली ती बोली, तिचा ठसका, तिच्यातली अरेरावी आणि तिच्यातला लाड हे सारे कथेच्या हाडामांसाचा भाग होते. कथा दुसऱ्या भाषेत नेता येते, बोलीचा तो ठसका बरोबर नेता येत नाही. आता तोच ठसका बिघडलेल्या स्पीकरमधून ऐकायचा झाला, तर मूळ भाषेत बसूनही प्रेक्षकाच्या हाती भाषांतराइतकेसुद्धा लागणार नाही.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. मधला स्पीकर दुरुस्त झाला होता. ऑपरेटरने मला वर बोलावून यंत्रही दाखवले. डॉल्बी कंपनीच्या प्रोसेसरवर, म्हणजे चित्रपटाचा आवाज नियंत्रित करणाऱ्या यंत्रावर, 7 हा आकडा प्रमाण पातळी मानला जातो आणि ध्वनिमिश्रण करणारे त्याच पातळीचा विचार करून संवाद, शांतता आणि संगीत यांचे प्रमाण ठरवतात. इथे आधी आवाज 5 च्याही खाली ठेवलेला असे, कारण पातळी वाढवली की भिंतीवरचा एक स्पीकर फाटल्यासारखा वाजत होता. आता तो बदलून 6 वर खेळ चालवतात. एवढ्याने काय होते, असे कोणाला वाटेल; पण त्या दिवशीच्या चित्रपटात एका प्रसंगी बाप मुलाला फक्त "जेवलास का?" एवढेच विचारतो, तेही पाठमोरा उभा राहून, हळू आवाजात. खाली बसलेल्या दीडदोनशे माणसांपैकी एकही कुजबुजला नाही. मागच्या रांगेत कोणीतरी नाक ओढल्याचा आवाज मला ऐकू आला. कोणी शिट्टी मारली नाही, कोणी टाळी दिली नाही, आणि तरीही तो चित्रपट त्या क्षणी तिथे बसलेल्या सगळ्यांच्या मनात उतरला होता, याविषयी मला शंका नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. महाराष्ट्र सरकारने 2015 साली बहुपडदा चित्रपटगृहांना मराठी चित्रपटासाठी चांगल्या वेळेचा खेळ राखून ठेवण्याचे बंधन घातले. त्यावर बरीच चर्चा झाली आणि वेळेची मर्यादा दुपारी 12 ते रात्री 9 अशी सैल करण्यात आली. ते बंधन कोल्हापूरपर्यंत चालते. कागल ओलांडले की आपण कर्नाटकात असतो, आणि इथे मराठी चित्रपटाला वेळ मिळते ती केवळ चित्रपटगृहाच्या मालकाच्या अंदाजावर. शहरातल्या एका बहुपडदा चित्रपटगृहात मी मराठी चित्रपट सकाळी दहाच्या आत किंवा रात्री साडेदहानंतर लागलेले पाहिले आहेत. ज्या चित्रपटाचा प्रेक्षक येळ्ळूर, खानापूर आणि पलीकडच्या चंदगड तालुक्यातून एसटीने किंवा दुचाकीने येतो, त्याला रात्री साडेदहाचा खेळ देणे म्हणजे नाकारणेच होय. रिकाम्या खुर्च्या मोजून मग "मराठीला प्रेक्षक नाही" असे म्हटले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या टॉकीजने मराठीला संध्याकाळी सहाचा खेळ दिला आहे. तो साडेआठच्या सुमारास सुटतो आणि बाहेरगावच्या माणसाला बस मिळते. याहून महत्त्वाचे म्हणजे ते चित्रपट सोमवारी काढून टाकण्याची घाई करीत नाहीत. आमच्याकडे चित्रपटाचे नाव पसरते ते तोंडी, आणि त्याला आठवडा लागतो. शनिवारी पाहिलेला चित्रपट माणूस रविवारी हळदीकुंकवात, सोमवारी कारखान्यात, बुधवारी बाजारात दुसऱ्याला सांगतो. ऐकणारा येतो तो पुढच्या शनिवारी. तोवर फलकावर दुसरेच नाव लागलेले असेल, तर चांगल्या चित्रपटाचे चांगलेपण कोणाच्याच उपयोगी पडत नाही. बापलेकाच्या त्या चित्रपटाला पहिल्या शनिवारी अर्धे थिएटर भरले होते. दुसऱ्या शनिवारी मी घरच्यांना घेऊन गेलो, तेव्हा बाल्कनी संपली होती आणि आम्हाला खाली भिंतीकडेच्या जागा मिळाल्या.

उणिवाही सांगतो. पडद्यावरचा उजेड कमी आहे. दिव्याचे आयुष्य वाढावे म्हणून तो मंद ठेवला जातो असे दिसते, आणि रात्रीच्या प्रसंगांत चेहऱ्यावरचे भाव हरवतात. डोळ्यांनी अभिनय करणाऱ्या नटावर हा अन्याय आहे. खालच्या स्वच्छतागृहात पाणी नसते. मध्यंतर दहा मिनिटांचे असले तरी दिवे मालवल्यावरही विक्रेते रांगांतून फिरत राहतात, आणि उत्तरार्धाचे पहिले दोन प्रसंग त्यात जातात. वडापाव मात्र ताजा असतो.

जाणार असाल तर खाली, पडद्यापासून दोन तृतीयांश अंतरावर, मधोमध बसा; तिथे संवाद सर्वांत स्वच्छ ऐकू येतात. बाल्कनीच्या शेवटच्या तीन रांगा टाळा, तिथे छताचा पंखा ऐकू येतो. घरात कमी ऐकू येणारे वडीलधारे असतील तर त्यांना न चुकता न्या. उचगावच्या त्या मावशी मला गेल्या महिन्यात तिथे पुन्हा दिसल्या. या वेळी सून दुसऱ्या रांगेत मैत्रिणींबरोबर बसली होती, आणि मावशी एकट्याच, पदर तोंडाला लावून, पडद्याकडे पाहून हसत होत्या.