जागेवरची उडी: आधी ताकद की आधी तंत्र?

व्हॉलीबॉलच्या जाळीवर (पुरुषांची २.४३ मीटर) हात पोचला नाही की पोरं लगेच बैठका वाढवतात. आधी तंत्र तपासा. बोटाला चुना लावून भिंतीवर उभ्या पोचेची (उभं राहून हात वर जिथवर पोचतो तिथे) खूण करा, मग उडीची. मधलं अंतर म्हणजे तुमची उडी. एकदा हात न झुलवता, आधीच वर धरून, एकदा झुलवून मोजा. झुलवून साधारण दहा टक्केही वाढ नसेल तर हात उशिरा वर येतात. खाली वाकून थांबू नका, स्नायूंत साठलेला ताण वाया जातो. ही चूक थोड्या सरावाने सुटते.

ताकदीला मात्र दोन-तीन महिने द्यावेच लागतात. अर्धं भरलेलं सोयाबीनचं पोतं खांद्यावर घेऊन ५ बैठकांचे ४ सेट, आठवड्यातून दोनदा. गुडघे आत वळले की वजन कमी करा. उन्हाळ्यात भेगाळलेल्या काळ्या मातीवर उड्या नकोच, घोटा मुरगळतो.