जुनी फियाट, नवं बिल आणि आत तेच जुनं इंजिन

रिबोअर, चार नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, मेन आणि बिग एंड बेअरिंग, मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर, फ्लोअरचा पत्रा, रेडिएटर रिकोअर, संपूर्ण वायरिंग. बिलात या नऊ नोंदी, एकूण 2 लाख 86 हजार रुपये, त्यातले 2 लाख आगाऊ घेतलेले. गाडी 1968 ची फियाट 1100 डिलाइट, जळगाव जिल्ह्यातल्या एका बंद जिनिंगच्या शेडमधून विकत घेतलेली. गॅरेजमधून बाहेर आली तेव्हा रंग झकपक होता आणि सेल मारला की एका दमात चालू. थोड्याच दिवसांत सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला, आणि चाळीसगावच्या वर कन्नड घाट उतरताना ब्रेकचं पेडल तळाला गेलं. हँडब्रेक आणि पहिल्या गिअरवर गाडी कशीबशी थांबली म्हणून जीव वाचला.

दुसऱ्या गॅरेजात इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं, चाकं काढली, गालिचा उचलला. नऊपैकी दोनच नोंदी खऱ्या निघाल्या: मास्टर सिलिंडर आणि वायरिंग. मालकाचं नाव इथे देत नाही, गॅरेजचंही नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात खळ्यात नाहीतर वाड्याच्या पडवीत उभ्या असलेल्या फियाट, अँबेसेडर आणि जीप आता भराभर विकल्या जातायत. त्यांच्यामागे खोट्या दुरुस्तीचा हा धंदाही वाढणार, म्हणून त्याची पद्धत ओळखता आली पाहिजे.

सगळ्यात मोठी लबाडी इंजिनात असते, कारण तिथे मालक डोकावत नाही. या गाडीचं इंजिन 1089 सीसीचं, मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 मिलीमीटर आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 75. रिबोअर म्हणजे झिजलेला सिलिंडर मशीनवर आतून कापून मोठा करणं. ते झालं असतं तर बोअर 68 पेक्षा मोठा आणि सगळीकडे सारखा भरला असता. इथे हेड उतरवल्याबरोबर सिलिंडरच्या वरच्या काठापासून थोडं खाली नख अडकलं. वरची रिंग जिथपर्यंत पोचते तिथपर्यंत बोअर झिजतो, त्याच्या वरचा भाग तसाच राहतो आणि मधे कंगोरा तयार होतो. हा कंगोरा म्हणजे बोअरिंग मशीन सिलिंडरला लागलेलंच नाही याचा पुरावा. गॅरेजवाल्याने जुन्याच पिस्टनवर फक्त नव्या रिंगा चढवल्या होत्या. नव्या रिंगेची धार शाबूत असते, ती प्रत्येक फेरीला त्या कंगोऱ्यावर आपटते. चारपैकी दोन सिलिंडरमध्ये वरची रिंग तुटलेली होती, म्हणून धूर. म्हणजे काम अर्धवट करून भागलं नाही, इंजिन आधीपेक्षा वाईट झालं.

मग गॅरेजमधून निघताना धूर का दिसला नाही? संपमधून, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीतून, काढलेलं तेल मधासारखं ओघळत होतं. इंजिनात 20W-50 या इंजिन ऑइलच्या जोडीला गिअरबॉक्सचं 90 नंबरचं तेल ओतलेलं. जाड तेलाने ठोकणं दबतं, धूर काही दिवस झाकला जातो आणि थंड इंजिनात ऑइल प्रेशर छान दिसतं. याला तोड एकच. गाडी पंधरा-वीस किलोमीटर पळवायची, इंजिन पूर्ण तापू द्यायचं आणि आयडलिंगला ऑइलचा दिवा लुकलुकतो का ते पाहायचं. लुकलुकला तर बेअरिंगची शंका घ्या. उलट, गाडी बघायला जाताना इंजिन गारच हवं. बोनेटखाली हात लावून बघा. विकणारा तुम्ही येण्याआधी गाडी तापवून ठेवत असेल, तर थंड असताना ती काय करते हे त्याला लपवायचं आहे.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची चाचणी, करून घ्या, आणि ती तुमच्यासमोर. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडलेली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्यायचे आणि गेजवरचे आकडे लिहून ठेवायचे. नुकतं काम झालेल्या इंजिनात चारही आकड्यांमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसायला नको. एखादा खाली असेल तर त्या प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडा आणि पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंग-बोअरचा दोष, जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचा.

बिलात ‘रिबोअर’ लिहिलं असेल तर लेथवाल्याची, म्हणजे जिथे मशीनवर काम झालं तिथली पावती मागा. तीत प्रत्येक सिलिंडरचं वर, मध्ये आणि खाली घेतलेलं माप हवं. ओव्हरसाइझ पिस्टनच्या डोक्यावर साइझ ठोकलेली असते, बेअरिंगच्या पाठीवरही असते. क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धावेने फिरणारा दांडा, 0.25 मिलीमीटर घासला असेल तर बेअरिंगही 0.25 चंच हवं. इंजिन बंद करण्यापूर्वी या आकड्यांचे फोटो मागा. खरं काम करणारा मिस्त्री हे हसत दाखवतो, कारण त्याला त्याचा अभिमान असतो. टाळाटाळ करणाऱ्याकडे दाखवायला काही नसतं.

आता ब्रेक, आणि इथे प्रश्न पैशांचा राहत नाही. त्या काळातल्या या गाड्यांना चारही चाकांना ड्रम आणि हायड्रॉलिक सर्किट एकच असतं. एका चाकाच्या सिलिंडरमधला रबर कप फुटला की चारही ब्रेक एकदम जातात. या गाडीत पेडलच्या दाबाने ब्रेक ऑइल ढकलणारा मास्टर सिलिंडर नवा होता, पण प्रत्येक चाकातले ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर जुनेच. आत गंजाचे खड्डे पडलेल्या बोअरला पॉलिश पेपर मारून शंभर-दोनशे रुपयांची रबर किट भरलेली. नव्या मास्टरचा पूर्ण दाब त्या खडबडीत भिंतीवर घासणाऱ्या रबरावर आला, आणि घाटात सतत पाय दाबल्यावर कप कापला गेला. जुना मास्टर असता तर पेडल आधीच मऊ लागलं असतं आणि मालक सावध झाला असता. नव्याने तो इशाराही काढून घेतला.

तपासणी सोपी आहे, स्वतः करता येते. इंजिन बंद ठेवून पेडल जोरात दाबा आणि मिनिटभर धरून ठेवा. हळूहळू खाली सरकलं तर गळती आहे किंवा मास्टर आतून सोडतोय. ड्रम काढायला लावा, व्हील सिलिंडरची रबरी टोपी बोटाने मागे करा. आत ओल दिसली तर तो सिलिंडर बाद. बोअरमध्ये खड्डे असतील तर नवा सिलिंडर किंवा आत बसवायची धातूची नळी, म्हणजे स्लीव्ह, तिसरा उपाय नाही. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यानेच हे खड्डे पडतात. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं सगळं ऑइल काढून नवं DOT 3 दर्जाचं भरायचं आणि दर दोन वर्षांनी बदलायचं. रबरी होज पाइपही बदला. जुना होज आतून फुगून एका चाकाचा ब्रेक धरून ठेवतो.

फियाट 1100 ला वेगळी चासी नसते, पूर्ण बॉडीच भार पेलते. त्यामुळे फ्लोअर आणि दारांखालच्या पट्ट्या कुजल्या तर गाडीचा कणाच कुजला. बिलात ‘नवा फ्लोअर’ होता. गालिचाखाली निघाला तो गंजक्या पत्र्यावर पॉप रिव्हेटने ठोकलेला पातळ जस्ती पत्रा आणि वर डांबर. कडा वेल्ड केलेल्या नव्हत्या. अशा पत्र्याखाली ओल कोंडते आणि गंज दुप्पट वेगाने खातो. फडक्यात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक पट्ट्यांवर, चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या कडेवर फिरवा. जिथे सुटतं तिथे पुट्टीचा जाड थर आहे. मागच्या स्प्रिंगच्या पाट्या बॉडीला जिथे टांगलेल्या असतात त्या हँगरजवळ स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबा. आत घुसला तर रंगाचं कौतुक थांबवा. अंडरकोटिंग शेवटी, तुम्ही उघडा पत्रा आणि वेल्डिंग पाहिल्यानंतरच मारू द्या.

रेडिएटर रिकोअर म्हणजे जुन्या टाक्या ठेवून आतली जाळी नवी बसवणं. इथे जाळी जुनीच, वर काळा रंग आणि आत हळद. गळती बुजवायची ही जुनी युक्ती. ती तात्पुरती बुजवते आणि नळ्यासुद्धा बुजवते. खालची टोपी काढल्यावर पिवळा चिखल आला. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तिथे असा रेडिएटर म्हणजे हेड वाकणार आणि गॅस्केट उडणार हे ठरलेलं. वरून नळी लावून पाणी सोडा. खालून तितक्याच धारेने बाहेर पडलं पाहिजे. अनेक ठिकाणी इंजिनाचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅटही काढून फेकतात. ते खपवून घेऊ नका, इंजिन योग्य तापमानाला येत नाही आणि पेट्रोल जास्त पितं.

मूळ तांब्या-पितळेचा रेडिएटर बदलून अ‍ॅल्युमिनियमचा बसवणं हाही चोरीचाच प्रकार, कारण तांब्याला भंगारात भाव आहे. तसंच ‘क्रोम करायला पाठवलंय’ म्हणून गेलेली ग्रिल, हबकॅप, हॉर्नची रिंग, मीटर परत येत नाहीत. गाडी सोडण्यापूर्वी प्रत्येक सुट्ट्या वस्तूचा फोटो, इंजिन आणि चासी नंबरचा पेन्सिल छाप, आणि दोघांच्या सह्यांची यादी करा. बदललेला प्रत्येक जुना भाग परत द्यायचा, ही अट अंदाजपत्रकातच लिहून घ्या.

पेट्रोलचं थोडक्यात. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात जुने रबर पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे लवचीक पडदा, लवकर खराब होतात. इथेनॉल सहन करणारे होज आणि डायफ्रॅम घाला, टाकी आतून साफ करा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. ‘नवे टायर’ म्हणून जुना साठा खपवतात.

कागदांतही याच मालकाला नाडलं. एजंटने ‘व्हिंटेज पासिंग करून देतो, मग गाडी रोज वापरा’ म्हणून 45 हजार घेतले. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20 हजार, पुनर्नोंदणीची 5 हजार, मुदत 10 वर्षं. आधीपासून नोंद असलेली गाडी आपला जुना नंबर ठेवू शकते. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. रोज चालवायची असेल तर साध्या नोंदणीचं नूतनीकरण करा, पर्यावरण कर भरा, विमा आणि पीयूसी घ्या. आणि डिझेल इंजिन टाकलेल्या किंवा चासी नंबर पुन्हा ठोकल्यासारखा वाटणाऱ्या गाडीला व्यवहाराआधीच नकार द्या.

फसवणूक झालीच असेल तर गाडी लगेच दुरुस्त करून टाकू नका. उघडलेल्या इंजिनाचे, तुटलेल्या रिंगांचे, गालिचाखालच्या पत्र्याचे फोटो घ्या, दुसऱ्या मिस्त्रीकडून मापांसह लेखी अहवाल घ्या, मूळ बिल आणि मोबाइलवरचे संदेश जपून ठेवा. हे सगळं जोडून आधी गॅरेजला लेखी नोटीस द्या, आणि उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारीची मुदत 2 वर्षं आहे. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. मूळ सुटे भाग विकून टाकले असतील तर ते ग्राहक तक्रारीपुरतं राहत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली विश्वासघाताची फिर्याद पोलिसांकडे देता येते, आणि त्या वेळी सह्यांची यादी आणि फोटो हातात असले तर फिर्यादीला आधार मिळतो.