संग्रहालयासाठी कोणता नमुना: ‘ओ’ की ‘पेन’?

एका छोट्या संग्रहालयाची आखणी करणाऱ्या स्नेह्यांपुढे दोन नमुने आहेत: ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरील होबार्टच्या ‘मोना’ या कला संग्रहालयातील ‘ओ’ हे हातात धरायचे माहिती-उपकरण आणि न्यूयॉर्कच्या कूपर ह्यूइट या डिझाइन संग्रहालयाने २०१५ मध्ये आणलेले, आवडलेल्या वस्तू टिपून ठेवणारे ‘पेन’.

मोना २०११ मध्ये उघडले ते भिंतींवर माहितीच्या पाट्या न लावताच. प्रेक्षक कुठे उभा आहे हे ओळखून ‘ओ’चा हातातला पडदा (स्क्रीन) जवळच्या कलाकृतींची माहिती देतो आणि आवड-नावडही नोंदवून घेतो. पेनचे टोक मात्र वस्तूच्या पाटीला टेकवले की त्या वस्तूची नोंद प्रेक्षकाच्या खात्यात जमा होत असे आणि तिकिटावरील सांकेतिक क्रमांकाच्या आधारे घरी संकेतस्थळावर पुन्हा पाहता येत असे.

लक्ष कुठे राहते, हा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘ओ’ वाचताना मान खाली जाते. पेन न बोलता काम करते, त्यामुळे नजर वस्तूवरच राहते. शिवाय पेन बिघडले तरी पाटी शाबूत असते; ‘ओ’ बंद पडला तर प्रेक्षक मुकाट्याने हिंडत राहतो.

खर्चात मात्र पेन मागे पडते, कारण ते खास घडवावे लागते, तर ‘ओ’सारखी सोय प्रेक्षकाच्या स्वतःच्या फोनवरही देता येते. चार्जिंग, स्वच्छता आणि परत घेण्याची यातायात हातात दिलेल्या कोणत्याही उपकरणाला चुकत नाही.

अनेक भाषांत सविस्तर माहिती द्यायची असल्यास ‘ओ’चा मार्ग घ्यावा, विद्यार्थ्यांनी वस्तू निवडून पुढे अभ्यासाव्यात असे वाटत असल्यास पेनचा.