डाउनहिल सायकलसाठी रेंथल फॅटबार: आधी उंची, रुंदी शेवटी

डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने खाली येण्यासाठीच्या, सायकलचा हँडलबार बदलायचा म्हटला की बहुतेक जण आधी रुंदी विचारतात, मग वजन विचारतात आणि शेवटी रंगावर येऊन थांबतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी उंची ठरवावी, मग स्टेममध्ये (हँडलबार फोर्कला जोडणाऱ्या तुकड्यात) बसणाऱ्या भागाची जाडी, त्यानंतर ॲल्युमिनियम की कार्बन हे पाहावे, आणि रुंदीचा निर्णय हँडलबार सायकलवर चढवून, त्यावर बसून, मगच घ्यावा. याच क्रमाने निवडलेला रेंथल या कंपनीचा ॲल्युमिनियमचा फॅटबार, ३१.८ मिमी जाडीचा आणि ४० मिमी राइजचा (उंचीचा), मी गेला पूर्ण मोसम वापरला असून हा अभिप्राय त्या अनुभवावर आधारलेला आहे.

त्यातला बराचसा वापर स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यमच्या ट्रॅकवर झाला. आनॉख मोर या डोंगरावरून उतरणारा हा ट्रॅक सुमारे २.८ किलोमीटर लांब असून तेवढ्यात ५५५ मीटर उतार आहे. २००७ आणि २०२३ या दोन्ही वर्षी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा येथेच झाल्या. जगातले अव्वल स्पर्धक हे अंतर पाच मिनिटांच्या आत कापतात. आपल्यासारख्याला त्याहून बराच अधिक वेळ लागतो, म्हणजेच हातांना मारही अधिक वेळ बसतो. वरचा उघडा टप्पा सलग दगडांचा आहे, त्यात पुढचे चाक एक क्षणही शांत राहत नाही. पुढे झाडीतला निसरडा उतार येतो आणि तळाशी मोठ्या उड्या. त्या उड्यांपर्यंत पोहोचताना बोटांत ब्रेक दाबण्याची ताकद शिल्लक राहते की नाही, यावरच मी हँडलबारची परीक्षा केली.

राइज म्हणजे स्टेममधल्या भागापेक्षा हँडलबारची टोके किती वर उचललेली आहेत ते माप. साध्या माउंटन बाइकवर उंची कमी वाटली तर स्टेमखाली स्पेसर, म्हणजे चकत्या, घालता येतात, पण त्याने हँडल सरळ वर जात नाही, फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या भागाच्या) तिरक्या दांड्याच्या रेषेत वर आणि मागे सरकते. हेड अँगल, म्हणजे त्या दांड्याचा जमिनीशी होणारा कोन, ६३ अंशांचा असेल तर १० मिमी स्पेसरने हँडल जवळपास ९ मिमी वर जाते आणि साडेचार मिमी मागे येते. डाउनहिल सायकलवर तर हा मार्गही अरुंद आहे. दुहेरी क्राउनच्या (नळ्या धरणाऱ्या दोन आडव्या जोडांच्या) फोर्कवर स्टेम थेट वरच्या क्राउनवर बोल्टने बसतो, त्याखाली घालायच्या चकत्या मोजक्याच मिळतात, आणि फोर्कच्या नळ्या क्राउनमध्ये वर-खाली सरकवल्या तर सायकलची भूमितीच बदलते. म्हणून येथे उंची हवी असेल तर ती हँडलबारमध्येच घ्यावी लागते. शिवाय हँडलबार जास्त रुंदीचा निवडून नंतर कापता येतो. राइज मात्र घेतला तेवढाच राहतो.

तीव्र उतारावर हँडल खाली असेल तर शरीराचा भार तळहातांवर येतो, खांदे पुढे झुकतात आणि पुढचे चाक खड्ड्यात अडकले की माणूस हँडलवरून पुढे फेकला जाण्याची भीती राहते. सायकलबरोबर आलेल्या २० मिमी राइजच्या हँडलबारवर मला सतत मागे बसावेसे वाटायचे आणि मागे बसले की पुढच्या चाकावरचा दाब कमी होऊन वळणावर ते घसरायचे. ४० मिमीवर आल्यावर दोन्ही पायांवर समतोल उभे राहून छाती हँडलच्या वरच ठेवता येऊ लागली. माझी उंची सरासरीहून थोडी जास्त आहे, हे येथे लक्षात घ्यावे. बुटक्या चणीच्या व्यक्तीला, किंवा फारसा तीव्र उतार नसलेल्या बाइक पार्कमध्ये वळणांवरच वेळ घालवणाऱ्याला, २० किंवा ३० मिमी पुरेसे होतील. जास्त राइजवर सपाट वळणात पुढचे चाक हलके पडते.

दुसरा प्रश्न जाडीचा. बाजारात आज ३१.८ आणि ३५ मिमी अशी दोन मापे आहेत, आणि हे माप फक्त मधल्या, स्टेममध्ये धरल्या जाणाऱ्या भागाचे असते; ग्रिप (मुठी) बसतात ती टोके दोन्हींत २२.२ मिमीचीच. पातळ भिंतीच्या नळीचा ताठरपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे भिंतीची जाडी तीच ठेवली तर मधला भाग ३५ मिमीचा केल्याने तेथे तो सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. उत्पादक भिंत पातळ करून हा फरक थोडाफार भरून काढतात, वजनही वाचवतात. तरीही माझ्या हातांना जाणवलेला फरक स्पष्ट होता. जुन्या ३५ मिमीच्या ॲल्युमिनियम हँडलबारवर झाडीपर्यंत पोहोचताना करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर व्हायचे. ग्रिप तेच, टायरमधली हवा तीच, फोर्कची जुळणीही तीच ठेवून फॅटबार बसवला, आणि बधिरपणा पुष्कळ कमी झाला. हात दुखतातच, पण शेवटच्या उड्यांवर ब्रेक सोडणे आणि धरणे नेमके जमते. ३१.८ घ्यायचा तर स्टेमही त्याच मापाचा लागतो, त्यामुळे सायकलवर ३५ मिमीचा स्टेम असेल तर दोन्हींचा खर्च धरून चालावे.

कार्बनबद्दल थोडक्यात. कार्बनचा फॅटबार शंभरेक ग्रॅमने हलका आणि बराच महाग आहे. गोंडोलाने (रोपवेने) वर जाऊन उतारावरून खालीच यायचे असेल, तर ते शंभर ग्रॅम मला मोलाचे वाटत नाहीत. पडल्यानंतर ॲल्युमिनियमचा हँडलबार वाकला तर ते डोळ्यांना दिसते. कार्बनच्या आतली इजा वरून दिसेलच असे नाही. दगडांत वारंवार पडणाऱ्या सायकलसाठी मी ॲल्युमिनियमच सुचवेन.

रेंथलची सुरुवात १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये मोटरसायकलच्या हँडलबारपासून झाली, आणि फॅटबारच्या बांधणीत तो अनुभव दिसतो. टोके ५ अंश वर आणि ७ अंश मागे वळलेली आहेत. हा आकार मनगटाला सरळ ठेवतो, परंतु ८ किंवा ९ अंश मागे वळलेल्या हँडलबारची सवय असलेल्याला पहिल्या काही फेऱ्यांत कोपरे जरा जास्तच बाहेर गेल्यासारखी वाटतील. त्यावर उपाय म्हणून हँडल स्टेममध्ये मागे फिरवून ठेवण्याचा मोह होतो, पण तसे केले की टोके खाली झुकतात आणि मनगटाच्या बाहेरच्या कडेवर ताण येतो. वरचा वळलेला भाग बाजूने पाहताना साधारण फोर्कच्या रेषेत असावा आणि तेथून दोन-तीन अंशांचाच फरक करून पाहावा.

रुंदी ८०० मिमी. मी आधी आहे तशीच ठेवून वापरली, मग ग्रिप आत सरकवून ७८० वर चालवून पाहिले आणि त्यानंतरच कापले. ८०० आणि ७६० यांत प्रत्येक हाताला २० मिमीचा फरक पडतो, म्हणजे वळवण्याची तरफ सुमारे पाच टक्क्यांनी बदलते. खांदे अरुंद असतील तर मात्र जादा रुंदीचा फायदा कोपर लांब ताणण्यातच वाया जातो. सह्याद्रीतल्या अरुंद, झुडपांतून जाणाऱ्या पायवाटांवर सायकल चालवणाऱ्यांनी ७६० च्या आसपासचा विचार जरूर करावा. कापताना दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिमीच कमी करावे, कापलेली कड कानशीने आतून-बाहेरून घासून घ्यावी आणि टोकांना बुच बसवल्याशिवाय सायकल बाहेर काढू नये, कारण उघडी नळी पडल्यावर मांडीत घुसू शकते.

तक्रार करावी अशी एक गोष्ट आहे. सोनेरी रंगाचा वरचा थर ब्रेक लिव्हरच्या पट्टीखाली लवकर झिजतो, आणि लिव्हरची जागा पुन्हा बदलली की जुन्या ठिकाणचा पांढुरक्या कडांचा ठसा दिसत राहतो. काळ्या रंगात हे कमी डोळ्यांत भरते. ताकदीवर याचा परिणाम होत नाही. पण असाच ओरखडा स्टेमच्या कडेला, जेथे नळीवर सर्वाधिक वाक येतो, तेथे नखाला जाणवेल इतका खोल दिसला तर हँडलबार बदलावा. स्टेमचे बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), स्टेमवर छापलेल्या आकड्यापर्यंतच आवळावेत, आणि ब्रेक लिव्हरची पट्टी इतकीच घट्ट ठेवावी की पडल्यावर लिव्हर हँडलवर फिरून बाजूला सरकेल, नळीत खळगा पाडणार नाही. जबर आपटल्यानंतर हँडलबार सरळ दिसत असला तरी स्टेममधून काढून, पुसून, सपाट टेबलावर ठेवून तपासावा.