काळी माती की कोकोपीट, कुंडी की ग्रो बॅग? इंदूरच्या गच्चीसाठी तुलना

गच्चीवर टोमॅटो, मिरची, वांगी लावायचं ठरलं की बहुतेक जण आधी रोपं आणतात आणि मग त्यांच्यासाठी भांडं शोधतात. क्रम उलटा हवा. भांडं आणि मिश्रण ही जोडी आहे, आणि दोन्ही वेगवेगळी निवडली की गडबड होते. जड, पाणी धरून ठेवणारं मिश्रण मातीच्या कुंडीत चालतं, कारण कुंडीची भिंत श्वास घेते. तेच मिश्रण प्लास्टिकच्या बादलीत भरलं तर श्रावणात मुळं कुजतात. कोकोपीटचं, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचं, हलकं मिश्रण प्लास्टिकमध्ये उत्तम, पण कापडी पिशवीत मे महिन्याच्या दुपारी ते पार कोरडं पडतं.

इंदूरसाठी निवड करताना तीन गोष्टी धरून चालायचं: माळव्याची काळी माती, एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी आणि चाळिशी ओलांडणारा उन्हाळा. पुण्याच्या किंवा कोकणातल्या कृती इथे जशाच्या तशा चालत नाहीत. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, म्हणून तिकडे चुना घालतात. आपली माती आधीच अल्कधर्मी आहे, सामू (पीएच) साधारण 7.5 ते 8.5. इथे चुना किंवा चुलीची राख घातली की लोह मुळांना मिळेनासं होतं आणि कढीपत्त्याची, गुलाबाची कोवळी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात. बोअरिंगचं जड पाणी रोज घालणाऱ्यांकडे हे आणखी लवकर दिसतं.

काळी माती

फुकट मिळते, अन्नद्रव्यं धरून ठेवते, पाणीही धरते. तरीही ती एकटी भांड्यात घालू नका. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात, भांड्यात ती काठापासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं आणि काही सेकंदांत तळाच्या भोकातून बाहेर येतं. पाणी भरपूर झालं असं वाटतं, आत मात्र मुळांचा गोळा कोरडाच. अशा वेळी वरून कितीही ओतून उपयोग नाही. भांडं अर्धा तास पाण्याच्या टबात ठेवा, बुडबुडे थांबले की काढा.

पावसाळ्यात उलटं होतं. वर्षाचा जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. फुगलेल्या मातीत हवेच्या पोकळ्या उरत नाहीत, आणि पाण्यात उभी असूनही वांग्याची झाडं माना टाकतात. ते पाहून लोक आणखी पाणी घालतात. बोट दोन इंच खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नये.

काळ्या मातीला मोकळं करायला मूठभर वाळू घालण्याची पद्धत आहे. तिने नुकसानच होतं. वाळूचे कण एकमेकांना टेकतील इतकी वाळू असेल तरच मधे पोकळी राहते, म्हणजे आकारमानाने निम्म्याहून जास्त. त्यापेक्षा कमी घातली तर चिकणमाती सगळ्या फटी भरून टाकते आणि सुकल्यावर विटेसारखा गोळा होतो. प्लास्टरची बारीक वाळू तर मुळीच नको. दोन ते चार मिलिमीटरची जाड रेती किंवा मुरमाड पिवळी माती घ्या.

कमी खर्चात चालणारं प्रमाण असं: काळी माती एक घमेलं, मुरमाड माती किंवा जाड रेती दीड घमेलं, पूर्ण कुजलेलं खत दीड घमेलं. त्यात दर 20 लिटरला 50 ग्रॅम निंबोळी पेंड. गोठ्यातलं शेण ताजं असेल तर वर्षभर कुजवा. ताज्या शेणात हुमणी येते, वाळवी येते, आणि कुजताना सुटणाऱ्या अमोनियाने कोवळी मुळं जळतात.

कोकोपीट

हलकं, एकसारखं, पाणी भरपूर धरतं आणि तरीही हवा ठेवतं. पाच किलोची वीट फुलून साधारण 65 ते 75 लिटर होते. पण तिच्यात स्वतःचं अन्न जवळजवळ नसतं, आणि नारळाच्या सालीतले सोडियम-पोटॅशियमचे क्षार असतात. वीट भिजवून, पिळून, पाणी फेकून हे किमान तीनदा करा, पाण्याचा चहासारखा रंग फिका पडेपर्यंत. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये रोपांच्या पानांच्या कडा करपतात. शिवाय कोकोपीट कॅल्शियम धरून बसतं, त्यामुळे टोमॅटोच्या फळाचा तळ काळा पडून सडतो. पाणी अनियमित दिलं तरी हेच होतं, आणि एक दिवसाआडच्या पाण्यात ते सहज घडतं. म्हणून साठवणीची टाकी गच्चीवरच असलेली बरी.

आमच्या मते निम्म्याहून जास्त कोकोपीट घालूच नये. 40 टक्के धुतलेलं कोकोपीट, 40 टक्के गांडूळखत किंवा चांगलं कंपोस्ट आणि 20 टक्के माती हे प्रमाण इथल्या हवेत सर्वांत कमी त्रास देतं. थोडी काळी माती मुद्दाम ठेवायची, कारण खतातली द्रव्यं ती धरून ठेवते आणि पाण्याबरोबर वाहू देत नाही. 12 बाय 12 इंचाच्या दहा ग्रो बॅगांना भरल्यावर सुमारे 200 लिटर मिश्रण लागतं. मिसळताना आकारमान दहा-पंधरा टक्के बसतं, म्हणून 230 लिटर धरा: कोकोपीट 92, खत 92, माती 46. फुलं दिसू लागल्यावर दर पंधरा दिवसांनी बॅगेला दोन मुठी गांडूळखत द्या, नाहीतर झाड वाढतं आणि फळ लहान राहतं.

खताबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखलं जाणारं कंपोस्ट इथलंच आहे. 1924 साली इंदुरात सुरू झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ती बसवली आणि 1931 मध्ये प्रसिद्ध केली. आज त्या जागी कृषी महाविद्यालय आहे. पालापाचोळा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि थोडी राख यांचे थर, तीनदा पालट, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. घरच्या ड्रमात सोयाबीनचा कुटार आणि स्वयंपाकघरातला ओला कचरा वापरून हे जमतं. राख मात्र चिमूटभरच, वर सांगितलेल्या कारणासाठी. विकतच्या खतापेक्षा हे सरस ठरतं.

भांडी

मातीची कुंडी मुळांना थंड ठेवते, कारण भिंतीतून पाणी उडत राहतं. त्याचसाठी तिला उन्हाळ्यात दोनदा पाणी लागतं. बारा इंची कुंडी निमुळती असल्याने 14-15 लिटरच धरते. मिरचीला पुरे, टोमॅटोला कमी. बाहेरून पांढरा थर चढला तर तो पाण्यातला क्षार आहे, खरवडून काढा.

एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकची, ग्रो बॅग सगळ्यांत सोयीची. 12 बाय 12 ची बॅग 22 लिटरची, 15 बाय 15 ची 43 लिटरची, 18 बाय 18 ची 75 लिटरची. वरून दोन इंच रिकामी सोडायची. घेताना जाडी बघा: 220 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) खालची, अतिनील किरणांना न टिकणारी बॅग दुसऱ्या उन्हाळ्यात शिवणीपाशी फाटते. रंग पांढरा किंवा फिका घ्या. पश्चिमेच्या भिंतीशी ठेवलेल्या काळ्या बॅगेत कडेची मुळं भाजून निघतात.

कापडी पिशवीत मुळं कडेला आल्यावर हवेने आपोआप छाटली जातात आणि आत गुंतत नाहीत. पण ती सर्वांत लवकर सुकते. ठिबक नसेल तर घेऊ नका. रंगाच्या 20 लिटरच्या बादल्या चालतात, आधी नीट धुवा, तळाला दहा मिलिमीटरची पाच भोकं आणि कडेला अर्धा इंच वर दोन भोकं पाडा. सिमेंटच्या कुंड्या गच्चीवर नकोतच, वजनासाठी.

कुठलंही भांडं असो, तळाशी खडी किंवा विटांचे तुकडे घालून निचरा सुधारत नाही. बारीक कणांतलं पाणी जाड कणांत तेव्हाच उतरतं जेव्हा वरचा थर पूर्ण भिजतो. म्हणजे ओला पट्टा फक्त वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा पुरे. भांडं दोन विटांवर ठेवा. भोकं मोकळी राहतात आणि स्लॅबही.

वजन

मातीचं ओलं मिश्रण लिटरला सुमारे 1.6 किलो, कोकोपीटचं 0.9 किलो. म्हणजे 15 बाय 15 च्या भरलेल्या बॅगेचं वजन अनुक्रमे 60 आणि 35 किलोच्या आसपास. वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी आयएस 875 या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात दर चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे 150 किलो भार धरतात. त्यामुळे भांडी बीमच्या आणि भिंतीच्या रेषेत ठेवा, गच्चीच्या मध्यभागी गर्दी नको. जुन्या वाड्यांच्या आणि लाकडी तुळयांच्या माड्यांवर मोठी भांडी चढवण्याआधी इंजिनिअरला दाखवा.

कोणी काय घ्यावं

तळमजला, अंगण, पाणी नियमित आणि खर्च कमी करायचा असेल तर मातीचं मिश्रण आणि कुंड्या. गच्ची, दुसरा मजला, पाणी एक दिवसाआड असेल तर कोकोपीटचं मिश्रण आणि फिकट ग्रो बॅग. आम्ही बहुतेकांना दुसरा पर्याय सुचवू. मेथी, कोथिंबीर, पालकाला आठ इंच खोली पुरते. मिरचीला 12 इंची बॅग, टोमॅटो-वांग्याला 15, गिलकी (घोसाळी)-दुधीला 18 इंची. कढीपत्ता आणि लिंबू वर्षानुवर्षं राहणार, त्यांच्यासाठी मातीचं मिश्रण आणि 18 इंचापेक्षा मोठं भांडं. कोकोपीट दोन-तीन वर्षांत खचतं आणि झाड खाली बसतं.

टोमॅटोची रोपं ऑगस्टअखेर तयार करून ऑक्टोबरपासून फळ घ्यायचं. एप्रिलच्या उष्णतेत फुलं गळतात. हंगाम संपल्यावर मिश्रण फेकू नका. ओलं करून मे महिन्यात पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवा, मग पाचवा हिस्सा नवं खत मिसळा. उपटलेल्या टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म किडे, आहेत. त्या बॅगेत पुढच्या हंगामात टोमॅटो, वांगी, मिरची किंवा भेंडी लावू नका, झेंडू लावा.