रणजी सामन्याचा शनिवार-रविवार : नाशिकमध्ये जेवायचे कुठे?

महाराष्ट्राचा रणजी सामना नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर असला की पुण्या-मुंबईच्या आणि जळगावच्या क्रिकेटवेड्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात, आणि 'तिकीट लागते का?' या प्रश्नापाठोपाठ 'मिसळ कुठली खायची?' हा प्रश्न ठरलेला असतो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, कारण रणजीला बहुधा तिकीट नसते. दुसऱ्याचे उत्तर मात्र चवीपेक्षा घड्याळावर जास्त अवलंबून असते, आणि हे न सांगताच आपण नाशिककर पाहुण्यांना दहा नावे सुचवून मोकळे होतो.

सामन्याचे वेळापत्रक आधी डोळ्यांसमोर ठेवावे. खेळ सकाळी साडेनऊला सुरू होतो, साडेअकराला उपाहाराची सुट्टी होते आणि बारा वाजून दहा मिनिटांनी दुसरे सत्र सुरू होते. पुढे दोन वाजून दहा मिनिटांनी वीस मिनिटांचे चहापान आणि साडेचारच्या सुमारास दिवसाचा खेळ संपतो. म्हणजे दुपारच्या जेवणाला हातात चाळीस मिनिटे, तर सकाळी साडेनऊपूर्वी आणि संध्याकाळी पाचनंतर मोकळा वेळ. साखळी सामना चार दिवसांचा असल्यामुळे तो गुरुवारी सुरू झाला तर शनिवारी तिसरा आणि रविवारी चौथा दिवस येतो. खाण्याच्या जागांची निवड या चौकटीतच करावी लागते, आणि तसे पाहता पाहुण्यापुढे तीन पर्याय उरतात : मैदानाच्या आसपासचा भाग, शहराबाहेरचे मिसळीचे मळे आणि जुने नाशिक.

मैदानाच्या आसपासचा भाग चवीच्या स्पर्धेत पहिला येणार नाही, पण दुपारच्या चाळीस मिनिटांत त्याला पर्यायही नाही. गोल्फ क्लब या जुन्या नावानेच बहुतेक नाशिककर ओळखतात ते हे मैदान त्र्यंबक रस्त्याला लागून आहे. एका बाजूला ठक्कर बाजार बसस्थानक आणि दुसऱ्या बाजूला शरणपूर रस्ता व कॅनडा कॉर्नर, हे सारे पायी जाण्याच्या टप्प्यात येते. या पट्ट्यात पोळी-भाजीची साधी उपाहारगृहे, दाक्षिणात्य पदार्थांची हॉटेले आणि वडापावच्या गाड्या मिळतात. पूर्ण थाळीच्या मोहात मात्र पडू नये; थाळी वाढणारे आग्रह करतात, आग्रहाला वेळ लागतो आणि तोवर नवा गोलंदाज टप्प्यावर आलेला असतो. त्यापेक्षा उलटा वडापाव बरा. वडा पावात भरून तो अख्खा पावच बेसनात बुडवून तळलेला असतो, त्यामुळे कागदात गुंडाळून मैदानावर आणला तरी त्याचे काही बिघडत नाही. बाहेरचे आवरण जरा मऊ पडते एवढेच. दोन खाल्ले की चहापानापर्यंत भुकेचा विषय निघत नाही. कॉलेज रोडवर तरुण मंडळींना आवडतील अशी कॅफे पुष्कळ आहेत, पण ती अंतराने दोनेक किलोमीटरवर आणि वाहतुकीच्या हिशेबाने त्याहून लांब आहेत.

मळ्यातल्या मिसळीचे नाव मात्र पाहुणे घरूनच ठरवून येतात. गंगापूर रोड आणि मखमलाबाद रस्त्याच्या बाजूला शेतांत, द्राक्षबागांत ही ठिकाणे आहेत. चुलीवरच्या मिसळीसाठी बारदान फाट्याकडची साधना आणि द्राक्षांच्या मांडवाजवळ बसण्यासाठी ग्रेप एम्बसी ही नावे सगळ्यांच्या तोंडी असतात. मिसळीचे ताटही पाहण्यासारखे असते. मधल्या वाटीत मोड आलेल्या कडधान्याची उसळ आणि शेव, शेजारी दही, कांदा, लिंबू, भाजलेला पापड, आणि रस्सा वेगळा. रस्सा आधी चमच्याने चाखावा आणि मगच ओतावा, कारण नाशिकच्या काळ्या मसाल्याचा रस्सा दिसायला गडद आणि सुरुवातीला सौम्य लागतो. त्याचा तिखटपणा तिसऱ्या घासाला कळतो. लाल तर्रीची सवय असलेले लोक इथे फसतात. शेवटी जिलेबी मागवण्याची पद्धत आहे आणि तिला वैद्यकीय आधार असावा अशी माझी समजूत आहे.

प्रश्न वेळेचा आहे. मैदानापासून ही ठिकाणे पाच ते आठ किलोमीटरवर असली, तरी शनिवार-रविवारी सकाळी निम्मे नाशिक तिकडेच निघालेले असते. एका सामन्याला मी दोन पाहुण्यांना घेऊन उपाहाराच्या सुट्टीत अशाच एका मळ्यावर जाण्याचे धाडस केले. काउंटरवर क्रमांकाची चिठ्ठी हातात पडली, समोरचा माणूस पुकारत असलेला आकडा आमच्यापेक्षा चौतीसने मागे होता, आणि चुलीच्या धुराने डोळे चोळत आम्ही मोबाइलवर धावफलक पाहत उभे राहिलो. मिसळ उत्तम होती. परतलो तेव्हा महाराष्ट्राचे तीन गडी बाद झालेले होते आणि ज्याची फलंदाजी पाहायला पाहुणे आले होते तो तंबूत बसलेला होता. तेव्हापासून माझा नियम असा की मळ्यावर जायचे तर सकाळी साडेसातच्या आत पोहोचावे. जानेवारीत त्या वेळी तिकडे चांगलीच थंडी असते, पण गर्दी कमी असते आणि नऊ वाजता मैदानात बसता येते. लहान मुले बरोबर असतील तर त्यांना खेळायला मोकळी जागा मिळते ही मळ्याची मोठीच जमेची बाजू आहे. वाहन नसलेल्याने मात्र हा पर्याय विचारात घेऊ नये, कारण जायला रिक्षा मिळते, परतीची मिळेलच असे नाही.

ज्याला मिसळच हवी पण पहाटे उठायचे नाही, त्याने गावातली मिसळ निवडावी. जुन्या दुकानांत बाग नाही, झोका नाही, बाकडे अरुंद आहे आणि शेजारच्याचे कोपर आपल्या पापडाला लागते. पण वाढप झटपट होते आणि बिलही मळ्यापेक्षा कमी येते. चवीत मी डावे-उजवे करणार नाही, कारण घरात त्यावरून दोन तट आहेत.

जुन्या नाशिकचा खरा उपयोग संध्याकाळी होतो. खेळ संपल्यावर वाहन मुक्कामाच्या जागीच ठेवून रिक्षाने शालिमार किंवा रविवार कारंजापर्यंत जावे आणि पुढे पायी फिरावे, कारण मेन रोड आणि सराफ बाजाराच्या बाजूच्या गल्ल्यांत गाडी घालणे म्हणजे उरलेली संध्याकाळ तिच्यासाठी जागा शोधण्यात घालवणे. शनिवारचा उपवास करणाऱ्यांची सोय इथे सर्वांत चांगली होते. सायंतारा हे नाव साबुदाणा वड्यासाठी नाशिकमध्ये घरोघरी माहीत आहे. बुधा हलवाईंची जिलेबी त्यानंतर घ्यावी, त्याआधी घेतली तर वड्याला न्याय मिळत नाही. वयस्कर मंडळी बरोबर असतील तर पुढे गोदाघाटावर जाऊन रामकुंडाजवळ बसता येते आणि पंचवटीत साधे शाकाहारी जेवण मिळते. सामिष खाणाऱ्यांनी काळ्या मसाल्यातल्या मटणाची थाळी रात्रीसाठीच राखून ठेवावी. दुपारी ती खाऊन उन्हात बसलेला एक प्रेक्षक मी पाहिला आहे. सगळे दुसरे सत्र त्याने झोपेत पाहिले.

खानदेशी जेवण नाशिकमध्ये सहज मिळते, शेवभाजी आणि हिवाळ्यात वांग्याचे भरीत तर विशेष. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ते जरूर खाऊ घालावे. जळगावच्या पाहुण्याला मात्र भरीत खायला नेऊ नये. तो समोर काही बोलत नाही, घरी जाऊन बोलतो.

वाइनरीबद्दल थोडक्यात. गंगापूर धरणाच्या बाजूच्या सुलासारख्या ठिकाणी संध्याकाळ छान जाते, परंतु ती जेवणाची सोय म्हणून न पाहता वेगळा कार्यक्रम म्हणून पाहावी आणि गाडी चालवणाऱ्याची निवड निघण्यापूर्वी करावी. दिवसभर सामना पाहून थकलेल्या माणसाला जुने नाशिक अधिक मानवते, असे माझे मत आहे.

मुंबईहून शुक्रवारी पंचवटी एक्सप्रेसने येणाऱ्यांनी त्या रात्री शहरात येऊन जेवण्याचा हट्ट धरू नये. गाडी मुंबईहून सव्वासहाला सुटते, नाशिक रोडला उतरेपर्यंत साडेनऊ होतात आणि तिथून शहर नऊ-दहा किलोमीटर आहे. स्थानकाबाहेर बिटको चौकाच्या आसपास जे साधे मिळेल ते खाऊन झोपावे, म्हणजे शनिवारी सकाळी साडेसातचा मळा गाठता येतो.

शनिवारचा, म्हणजे तिसरा दिवस सामन्याचा कल ठरवणारा असतो, तेव्हा त्या दिवशी सकाळी मळा, दुपारी उलटा वडापाव आणि संध्याकाळी जुने नाशिक हा क्रम मला सर्वांत सोयीचा वाटतो. रविवारचे तसे नाही. सामना अटीतटीचा असेल तर शनिवारचाच क्रम चालवावा. पण एकतर्फी असेल तर चौथ्या दिवशीचा खेळ उपाहारापूर्वीच आटोपण्याची शक्यता असते. जानेवारी 2025 मध्ये याच मैदानावर महाराष्ट्राने बडोद्याला 439 धावांनी हरवले होते. अशा सामन्यात शेवटच्या दिवसाचा भरवसा धरता येत नाही. असे होईलसे वाटले तर शनिवारी मळा टाळून सकाळी गावातली मिसळ खावी आणि मळा रविवारच्या रिकाम्या दुपारसाठी ठेवावा, फक्त एकच्या आत तिथे पोहोचावे, कारण दोन-तीननंतर अनेक ठिकाणी चूल विझलेली असते.

खेळ पूर्ण साडेचारपर्यंत चालला आणि संध्याकाळच्या तपोवन एक्सप्रेसने मुंबई गाठायची असेल, तर मध्ये जेवायला वेळ राहत नाही. कोंडाजी चिवड्याची पुडी शनिवारीच घेऊन ठेवावी, आणि ती बॅगेच्या तळाशी न ठेवता वर ठेवावी.